२,१४,७४,८३,६४७

दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. २ चा ३१ वा घात वजा १ अशी ही संख्या मूळसंख्या असून मर्सेन मूळसंख्यांत तिचा क्रमांक आठवा आहे. तिचा घातांक ३१ हाही मर्सेन मूळसंख्याच, म्हणून तिला द्विमर्सेन म्हणतात.

लेओनार्ड ऑयलरने १७७२ मध्ये तिचे मूळत्व कळवले. या संख्येचे वर्गमूळ सुमारे ४६,३४१. तेथपर्यंतच्या प्रत्येक मूळसंख्येने भागून पाहणे कष्टाचे होते. पण तिच्या कोणत्याही विभाजकाला २४८ ने भागल्यास बाकी १ किंवा ६३ च उरते. त्यामुळे केवळ ८४ मूळसंख्या तपासाव्या लागल्या. यंत्राविना केलेल्या गणितातली ही काटकसर आजही थक्क करते. २ च्या ३० व्या घाताने हिला गुणले की २३०५८४३००८१३९९५२१२८ ही परिपूर्ण संख्या मिळते. याहून मोठी परिपूर्ण संख्या कधी सापडणार नाही, असे पीटर बार्लोने १८११ मध्ये लिहिले. ते खोटे ठरले.

३२ बिटांच्या चिन्हयुक्त पूर्णांकाची ही कमाल मर्यादा. १९७० च्या आरंभापासूनचे सेकंद अशा पूर्णांकात मोजणारी संगणकांतली घड्याळे १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८:४४:०७ ला तिच्यापाशी पोहोचतील.