यूल नेमके काय म्हणाले?

‘सायन्स’च्या १० जुलै १९०८ च्या अंकात केंब्रिजचे गणिती जी. एच. हार्डी यांचे एक छोटे पत्र आहे. त्यावर ५ एप्रिल ही तारीख आहे. आनुवंशिकतेच्या विषयात आपला अधिकार नाही, असे आरंभीच सांगून हार्डी आकडेमोडीला हात घालतात. संख्याशास्त्रज्ञ उडनी यूल यांच्या एका आक्षेपाला ते उत्तर देत आहेत, आणि या वादाचे मूळ एका शब्दात आहे: ‘प्रभावी’.

हा शब्द मेंडेलच्या १८६६ च्या निबंधातला. संकरात जे लक्षण जवळपास जसेच्या तसे दिसते ते प्रभावी. जे दडते, पण पुढच्या पिढीत पुन्हा उमटते ते अप्रभावी. संकरित वाटाण्यांपासून त्याला ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले दाणे मिळाले, म्हणजे जवळपास तिनास एक. एकाच जीवात दोन रूपे आली तर कोणते दिसेल, एवढेच ही व्याख्या सांगते. ते रूप समाजात किती आढळेल, याबद्दल तिच्यात अवाक्षर नाही.

२८ फेब्रुवारी १९०८ रोजी रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये आर. सी. पनेट यांनी मेंडेलचे नियम आणि रोग यांवर व्याख्यान दिले. जन्मतः बोटे आखूड असण्याचा दोष प्रभावी आहे, हे फॅराबी यांनी १९०५ मध्ये एका अमेरिकी कुटुंबाच्या वंशावळीवरून दाखवले होते. यूल यांनी चर्चेत जो आक्षेप घेतला, त्याचा छापील इतिवृत्तातला आशय असा: दोष प्रभावी असेल आणि आड काही येत नसेल, तर कालांतराने आखूड बोटांची तीन माणसे आणि साध्या बोटांचे एक, असे प्रमाण व्हायला हवे.

हार्डींचे उत्तर गुणाकारापलीकडे जात नाही. समजा, दहा हजार निर्दोष माणसांमागे शुद्ध दोषाचे एकच माणूस आहे आणि विवाह यदृच्छेने होतात. पुढच्या पिढीत दोष असलेले १०,००,२०,००१ मध्ये २०,००१, म्हणजे दहा हजारांत सुमारे दोन. प्रमाण एकदा दुप्पट होते आणि तिथेच थांबते. श्टुटगार्टचे डॉक्टर विल्हेल्म वाइनबर्ग यांनी हेच १३ जानेवारीच्या व्याख्यानात मांडले होते, पण इंग्रजी जगाने त्यांची दखल घ्यायला १९४३ उजाडले.

आता दुसरा साक्षीदार. पनेट यांनी १९५० मध्ये लिहिलेल्या आठवणींत प्रश्न तपकिरी आणि निळ्या डोळ्यांचा आहे, आणि केंब्रिजला परतताच आपण हार्डींना गाठले, असे ते सांगतात. दोघे एकत्र क्रिकेट खेळत. यातला गाभा विश्वसनीय वाटतो, कारण पनेट यांनी आपले लक्ष वेधले, असे हार्डींचे पत्रही म्हणते. मात्र व्याख्यान आणि पत्र यांत ३७ दिवसांचे अंतर आहे. हार्डी इतिवृत्ताचा पृष्ठांक देतात: खंड पहिला, पृष्ठ १६५. त्यावरून त्यांनी छापील मजकूर हाती आल्यावरच लेखणी उचलली असावी. हा माझा अंदाज. पण बेचाळीस वर्षांनंतरच्या आठवणीपेक्षा मी त्या पृष्ठांकावर अधिक भार देतो.

यूल यांना दोषी ठरवण्याआधी मात्र त्यांचा १९०२ चा ‘न्यू फायटॉलॉजिस्ट’मधला लेख पाहायला हवा. संकरातून निघालेली पिढी आपसांत मुक्तपणे प्रजनन करत राहिली, तर तिनास एक हे प्रमाण पुढेही टिकते, असे त्यांनी स्वतःच तिथे दाखवले आहे. तिथे दोन्ही रूपांचे वाटे आरंभी निम्मेनिम्मे आहेत. १९०८ च्या आक्षेपात आकडा तोच आहे, ती अट तेवढी गायब आहे. प्रभावी रूप आपोआप फैलावते, असे यूल यांना खरोखरच वाटत होते, की निम्म्या वाट्यांचे जुने गृहीतक त्यांनी सर्व समाजाला लावले? मला दुसरी शक्यता अधिक पटते. तिसरीही उरतेच: त्यांनी अट सांगितली आणि वृत्त लिहिणाऱ्याने ती गाळली. यूल असे म्हणाल्याचे नोंदले आहे, अशीच हार्डींची सावध भाषा आहे. यूल यांच्या तोंडून ऐकल्याचा दावा ते करत नाहीत.