प्राणिवर्तन आणि गर्दीची सुटका

आग, धूर किंवा अफवेमुळे बंदिस्त जागेतून एकाच वेळी बाहेर पडू पाहणारी गर्दी कशी सरकते, हे प्राण्यांच्या हालचालींवरून समजून घेण्याची संशोधनपद्धती. प्रयोगासाठी माणसांना खऱ्या भीतीत लोटणे अमानुष ठरेल. म्हणून संशोधक मुंग्या, उंदीर आणि मेंढ्यांकडे वळले.

या अभ्यासामागे हेल्बिंग, फार्काश आणि विचेक यांचे २००० सालचे संगणकीय प्रारूप आहे. घाई जितकी जास्त, तितकी अरुंद दाराशी देहांची कमान घट्ट अडकते आणि सुटका लांबते, असे त्यात दिसले. दारासमोर थोडा बाजूला खांब उभारला तर कोंडी सैल होईल, असेही त्यांनी सुचवले. फिलिपीन्समध्ये २००३ साली पाण्यातून निसटणाऱ्या उंदरांवर प्रयोग झाले. ते सलग नव्हे, तर गटागटाने बाहेर पडले.

हवाना येथील अल्टशुलर व सहकाऱ्यांनी २००५ साली पानकाप्या मुंग्या दोन समान दारांच्या गोल कोठडीत ठेवल्या. एरवी त्या दोन्ही दारे सारखीच वापरत. मध्यभागी मुंग्यांना नकोसे द्रव्य टाकताच त्या एका दाराला दुसऱ्यापेक्षा जास्त पसंती देऊ लागल्या. घाबरलेली माणसेही अशीच इतरांमागे जातात, हे हेल्बिंग यांच्या प्रारूपाचे भाकीत होते. तरीही मुंगी म्हणजे माणूस नव्हे. अर्जेंटिनातील प्रयोगांत मुंग्या भेदरल्या तरी दाराशी माणसांसारखी दाटी करताना दिसल्या नाहीत. उलट माणूस संकटातही हातातले मूल सोडत नाही, मागे राहिलेल्या आईसाठी परत फिरतो. ही ओढ कोणत्याही कोठडीत मोजली जात नाही.

सर्वांत बोलका धडा स्पेनमधल्या मेंढ्यांचा. नावारा विद्यापीठाच्या गटाने गोठ्याच्या अरुंद दारातून आत शिरणाऱ्या कळपाचे रोजच्या रोज चित्रण केले. दार रुंद केले की कोंडी घटली; दारासमोर अडथळा उभा केला तरीही घटली. खांबाची कल्पना सिद्ध झाली, असे वाटावे असाच हा निकाल होता. पण त्याच गटाने २०१८ साली माणसांवर प्रयोग केले, तेव्हा खांबामुळे बाहेर पडण्याचा वेग वाढलाच असे दिसले नाही. प्राण्यांवरचे निष्कर्ष माणसांना सरसकट लावू नयेत, असा इशारा त्यांनी स्वतःच दिला. मात्र रेटारेटीत अख्खा जमाव आडवा हेलकावतो आणि माणसे खाली पडतात. ते हेलकावे खांबामुळे सौम्य झाले.