महामारीच्या काळातील श्रवणसेवा

बंगळुरू : कोविड-१९ मुळे २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि तातडीची न मानली जाणारी श्रवणतपासणी मागे पडली. इंदिरानगरमधून जाणारी मेट्रोची जांभळी मार्गिका ७ सप्टेंबर २०२० रोजी पुन्हा सुरू झाली. तोपर्यंत स्वतःचे वाहन नसलेल्या ज्येष्ठांना दवाखाना गाठणे अवघड होते.

मुखपट्टीमुळे ओठांच्या हालचाली दिसेनाशा झाल्या, उच्च वारंवारतेचे ध्वनी क्षीण झाले. कानामागील श्रवणयंत्र मुखपट्टीच्या दोरीत अडकून पडण्याचा धोकाही वाढला.

सर्वाधिक जोखीम नवजात बालकांना होती. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान व सहाव्यापर्यंत उपचारांना प्रारंभ, हा सर्वमान्य दंडक आहे. भाषा आत्मसात करण्याचे वय टाळेबंदी उठण्याची वाट पाहत नाही.

केंद्र सरकारच्या मार्च २०२० मधील दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांमुळे कान-नाक-घसा तज्ज्ञांचा सल्ला दूरध्वनी किंवा व्हिडिओद्वारे घेणे सुकर झाले. काही आधुनिक श्रवणयंत्रांची जुळणीही इंटरनेटवरून करता येते. मात्र कानातील मळ काढणे, साच्याचे माप घेणे आणि ध्वनिरोधक कक्षातील चाचणी यांसाठी रुग्णाची प्रत्यक्ष उपस्थिती अनिवार्यच राहते.