वॉशिंग्टन नाविक करार (१९२२) आणि जपानच्या ‘अमागी’ वर्गातील बॅटलक्रूझर

प्रस्तावना :
६ फेब्रुवारी १९२२ रोजी वॉशिंग्टन येथे अमेरिका, ब्रिटिश साम्राज्य, जपान, फ्रान्स व इटली यांनी नौदलावर मर्यादा घालणारा करार केला. त्यावर हिंदुस्थानच्या वतीने व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री यांनी सही केली. गोखले यांनी १९०५ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे ते तेव्हा अध्यक्ष होते. या करारामुळे रद्द झालेल्या जपानी नौकांच्या आधारे शस्त्रमर्यादेचे मोल तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

नौकांची योजना :
अवजड तोफा वाहणारी, परंतु चिलखत काहीसे हलके ठेवून वेग साधणारी मोठी युद्धनौका म्हणजे बॅटलक्रूझर. आठ बॅटलशिप व आठ बॅटलक्रूझर उभारण्याच्या योजनेत जपानने १९२०-२१ मध्ये ‘अमागी’, ‘अकागी’, ‘अतागो’ व ‘ताकाओ’ यांची बांधणी सुरू केली. प्रत्येकीवर ४१ सें.मी. व्यासाच्या दहा तोफा आणि ३० नॉट वेग अपेक्षित होता. या स्पर्धेचा भार जपानच्या तिजोरीला पेलणे कठीण झाले होते.

करारातील तरतुदी :
करारानुसार अशा मोठ्या युद्धनौकांचे एकूण वजन अमेरिका व ब्रिटन यांना प्रत्येकी ५,२५,००० टन, तर जपानला ३,१५,००० टन ठरले. एका नौकेची कमाल मर्यादा ३५,००० टन होती. ४०,००० टनांहून मोठ्या ‘अमागी’ वर्गाला त्यात स्थान नव्हते. मात्र बांधकामाधीन दोन नौकांचे प्रत्येकी ३३,००० टनांपर्यंतच्या विमानवाहू जहाजांत रूपांतर करण्याची मुभा होती. त्यासाठी ‘अमागी’ व ‘अकागी’ निवडल्या गेल्या. उरलेल्या दोन मोडीत निघाल्या. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात योकोसुका येथे ‘अमागी’चा सांगाडा निकामी झाला व तिची जागा ‘कागा’ या बॅटलशिपने घेतली.

परिणाम :
‘अकागी’ १९२७ मध्ये विमानवाहू जहाज म्हणून नौदलात दाखल झाली. जपानने १९३४ मध्ये करार सोडण्याची सूचना दिली आणि १९३६ अखेर त्याचे बंधन संपले. ५ एप्रिल १९४२ रोजी कोलंबोवर व ९ एप्रिलला त्रिंकोमालीवर हल्ला करणाऱ्या जपानी ताफ्याची ध्वजनौका ‘अकागी’ होती. ज्या करारावर हिंदुस्थानची सही होती, त्यातील सवलतीमुळे बचावलेली नौका वीस वर्षांनी हिंदी महासागरात शत्रू म्हणून आली.

निष्कर्ष :
यावरून करार निष्फळ ठरला असे म्हणता येणार नाही. मोठ्या युद्धनौकांची स्पर्धा त्याने दीर्घकाळ रोखली. विमानवाहू जहाजांच्या एकूण टनांवरही मर्यादा घातली. परंतु त्या काळी ज्या शस्त्राचे महत्त्व पुरते उमगले नव्हते, त्याकडे सामर्थ्य वळण्यास वाव राहिला. टनांच्या तक्त्यात हिंदुस्थानचा स्वतंत्र आकडा नव्हता. सही होती, निर्णयाचा अधिकार मात्र साम्राज्याकडे होता. शस्त्रमर्यादा मोजमापाने सुरू होते. ती टिकते सह्या करणाऱ्यांच्या इच्छेवर.