ब्लू पॅन्सी

उघड्या, कोरड्या माळावरचे मध्यम आकाराचे फुलपाखरू. शास्त्रीय नाव जुनोनिया ओरिथिया, कुळ कुंचलपाद. लिनीअस यांनी 1758 मध्ये त्याचे नामकरण केले. आफ्रिका-अरबस्तानापासून भारतमार्गे ऑस्ट्रेलियापर्यंत ते आढळते. पुणे जिल्ह्यात यवतच्या आसपासचे माळ, भुलेश्वरचा डोंगर आणि दौंड-शिरूरकडची मुरमाड गायराने हे त्याच्या आवडीचे रान. पर्जन्यछायेतला हा मुलूख. कुसळीच्या ठोंबांमध्ये जमीन उघडी राहते, आणि तीच त्याला हवी असते.

पंखविस्तार 4 ते 6 सेंमी. नराचे मागचे पंख झळझळीत निळे. पुढचे बुडाशी मखमली काळे, टोकाकडे फिकट पट्ट्यांचे. पंखांवर नारिंगी कड्यांचे डोळे असतात. हा निळा रंग रंगद्रव्याचा नव्हे; पंखांवरील खवल्यांच्या अतिपातळ पापुद्र्यावरून प्रकाश परतताना तो उमटतो. मादी तपकिरी, निळाई कमी, डोळे मोठे. पंख मिटले की सारे वैभव झाकले जाते : खालची बाजू करडी-तपकिरी, आणि कोरड्या ऋतूतील पिढीत तर मातीत बेमालूम मिसळणारी.

नर उन्हात पंख पसरून जमिनीवर बसतो व आपली हद्द राखतो. जवळून जाणाऱ्या फुलपाखरामागे झेपावतो आणि बहुधा जवळच परत येऊन बसतो. पाहणाऱ्याने पाठलाग न करता थांबावे, हे उत्तम.

मादी अडुळशाच्या कुळातील बुटक्या वनस्पतींवर, म्हणजे जस्टिशिया, लेपिडॅगॅथिस, तालीमखाना अशांवर, एकेक अंडे घालते. अंडे हिरवे, पिंपाच्या आकाराचे, उभ्या कंगोऱ्यांचे. काही दिवसांत उबते. अळी काळसर, डोक्याकडे नारिंगी. अंगभर फांद्या फुटलेले काटे, पण ते निरुपद्रवी. कात टाकत वाढून ती उलटी लटकते व तपकिरी कोष होतो. पावसाळ्यात साधारण महिनाभरात नवे फुलपाखरू बाहेर पडते. आफ्रिकेत ही अळी ज्वारीच्या मुळांवर जगणाऱ्या टारफुल्याच्या जातींवरही वाढते. ज्वारीच्या या पट्ट्यात ही गोष्ट ठाऊक असायला हवी.

सरकारी दप्तरात असे माळ ‘पडीक’ ठरतात आणि तिथे गिरिपुष्पासारखी झाडे दाट लावली जातात. सावली धरली की उघडी जमीन आणि खाद्यवनस्पती दोन्ही जातात. गायरानावर वृक्षलागवडीचा ठराव करणाऱ्या ग्रामसभांनी काही पट्टे तरी गवताचेच राखावेत.