प्रगतिपुस्तकातला आकडा: थोडा इतिहास, थोडा हिशेब

१ मे रोजी ध्वजवंदन झाले, की आपल्याकडच्या बहुतेक प्राथमिक शाळांत निकाल वाटला जातो. मोताळा तालुक्यातल्या कुठल्याही गावची शाळा घ्या. दुसरी-तिसरीतल्या मुलाचा बाप प्रगतिपुस्तक उघडतो, गणितापुढे 'क-२' पाहतो आणि शिक्षकांना विचारतो, "गुरुजी, पोट्टं ढ हाये का?"

प्रश्न साधा दिसतो, पण त्याच्या उत्तरावर बरेच काही अवलंबून असते. 'ढ' हे अक्षर ब्राह्मी लिपीपासून आजवर फारसे बदललेले नाही, म्हणून जो मुलगा बदलत नाही तो 'ढ', अशी या शब्दाची एक फोड सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, शब्दामागची कल्पना तिने नेमकी पकडली आहे. ढ म्हणजे जो सुधारणार नाही तो. सात वर्षांच्या मुलाविषयी असा निकाल देण्याइतके बळ प्रगतिपुस्तकातल्या त्या खुणेत आहे काय? ते ठरवायचे तर ही खूण आली कोठून हे आधी पाहावे लागेल.

इयत्ता नसलेली शाळा

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या गावांत ज्या पंतोजींच्या शाळा होत्या, त्यांत आजच्यासारख्या इयत्ता नव्हत्या आणि वार्षिक परीक्षाही नव्हती. मूल धूळपाटीवर अक्षरे गिरवी, मग पाढे, पावकी, निमकी, मग मोडी वाचन. ज्याचे पाढे पक्के झाले तो पुढे जाई; ज्याचे झाले नाहीत तो तेच पुन्हा म्हणे. शेजारचा मुलगा पुढे गेला म्हणून मागे राहिलेला 'नापास' ठरत नसे, कारण नापास होण्यासाठी जी एक रेघ आखावी लागते तीच तेथे नव्हती.

या शाळांचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. छडी तेथे सर्रास चाले. मुलींना आणि अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांना तेथे जागा नव्हती. मुद्दा एवढाच, की सर्व मुलांनी एका वर्षात एवढे शिकलेच पाहिजे आणि न शिकणारा नापास, ही कल्पना अनादी नाही. ती एका विशिष्ट काळात, विशिष्ट कारणासाठी आली.

निकाल आणि पैसा

ते कारण बऱ्याच अंशी हिशेबाचे होते. इंग्लंडमध्ये १८६२ साली रॉबर्ट लो यांच्या पुढाकाराने शाळांच्या अनुदानाचे नवे नियम लागू झाले. तपासनीस शाळेत येई, प्रत्येक मुलाची वाचन, लेखन व अंकगणितात परीक्षा घेई, आणि मूल ज्या विषयात नापास होई त्या विषयापुरते शाळेचे अनुदान कापले जाई. परिणाम व्हायचा तोच झाला. शिक्षक तपासनिसाच्या प्रश्नांपुरते शिकवू लागले आणि मुले वाचनाची पुस्तके पाठ करू लागली. कवी मॅथ्यू आर्नल्ड हे स्वतः शाळा तपासनीस होते. त्यांनी या पद्धतीवर सातत्याने टीका केली. अखेर १८९०च्या दशकात ती टप्प्याटप्प्याने मोडीत निघाली.

निकालावर पैसे देण्याची ही पद्धत मुंबई इलाख्यातही खासगी शाळांच्या अनुदानासाठी वापरली जात होती. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी जे निवेदन दिले, त्यात त्यांनी या पद्धतीला विरोध केला. ज्या समाजात शिक्षणाची गोडीच अजून लागलेली नाही, तेथे निकालावर अनुदान मिळेल या भरवशावर कोणता शिक्षक स्वतःची शाळा काढील, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्याचे पोटच भरणार नाही. गोडी लागेपर्यंत अशा मुलांसाठी सरकारने स्वतः शाळा चालवल्या पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे होते.

यातून एक गोष्ट लक्षात येते. मुलापुढचा पास-नापासाचा शेरा मूल समजून घेण्यासाठी जन्माला आला नव्हता. वरच्या कार्यालयाला जमाखर्च कळावा म्हणून तो होता. आज तोच शेरा आपण मुलाच्या बुद्धीचे माप म्हणून वाचतो.

आकडा किती खरा?

कोणतेही मापन घेतले, की प्रयोगशाळेत पहिला प्रश्न विचारतात तो त्रुटीचा. लांबी २० सेंटिमीटर, पण कमी-अधिक किती? परीक्षेच्या गुणांना हा प्रश्न विचारणाऱ्या पहिल्या अभ्यासकांपैकी एक म्हणजे इंग्लंडमधले संख्याशास्त्रज्ञ एजवर्थ. १८८८ साली त्यांनी दाखवले, की सीमारेषेजवळच्या उमेदवारांचे यशापयश बऱ्याच अंशी नशिबावर ठरते.

पुढे १९१२-१३ मध्ये अमेरिकेत स्टार्च आणि इलियट यांनी एक सोपा प्रयोग केला. एकच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शिक्षकांकडे पाठवली. इंग्रजी भाषेच्या पत्रिकेला वेगवेगळे गुण मिळाले. लोक म्हणाले, भाषेत असे व्हायचेच. मग त्यांनी भूमितीची पत्रिका पाठवली. तिला शंभरापैकी कोणी तिसाच्या आत गुण दिले, तर कोणी नव्वदाच्या वर! खाडाखोडीचे किती कापायचे, रीत बरोबर आणि उत्तर चूक असेल तर काय करायचे, हे प्रत्येकाने आपापल्या परीने ठरवले होते.

याहून बोलका प्रयोग १९३५ साली इंग्लंडमध्ये हार्टोग आणि ऱ्होड्स यांनी प्रसिद्ध केला. मूळ परीक्षेत एकसारखे गुण मिळालेल्या इतिहासाच्या १५ उत्तरपत्रिका त्यांनी अनुभवी परीक्षकांना तपासायला दिल्या. सर्वांचे मिळून चाळीसहून अधिक वेगवेगळे आकडे आले. वर्ष-दीड वर्षाने त्याच परीक्षकांनी त्याच पत्रिका पुन्हा तपासल्या. एकूण २१० निर्णयांपैकी ९२ वेळा परीक्षकाने स्वतःचाच आधीचा निर्णय बदलला.

यातले सर फिलिप हार्टोग मूळचे रसायनशास्त्रज्ञ. ढाका विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरू होते. आणि भारतातल्या शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या ज्या समितीने १९२९ साली अहवाल दिला, तिचे ते अध्यक्ष होते. त्या अहवालातला एक हिशेब शिक्षकांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे. १९२२-२३ साली पहिलीत असलेल्या दर १०० मुलांपैकी १९२५-२६ साली चौथीत पोचली होती फक्त १८. उरलेली ८२ एक तर शाळेबाहेर गेली होती किंवा खालच्या वर्गात अडकली होती. 'गळती' आणि 'स्थगिती' हे शब्द शिक्षणाच्या चर्चेत रुजले ते तेव्हापासून. विस्ताराऐवजी दर्जावर भर द्या, या समितीच्या शिफारशीवर आपल्याकडच्या शिक्षणतज्ज्ञांनी पुढे टीका केली. पण त्या हिशेबाचा अर्थ स्पष्ट आहे. शंभरातली ब्याऐंशी मुले 'ढ' असू शकत नाहीत. जेथे इतकी मुले मागे पडतात, तेथे दोष मुलांबाहेर शोधावा लागतो.

वय आणि १ जून

लहान मुलांच्या बाबतीत आणखी एक हिशेब आहे. एका वर्गात साधारण वर्षभराच्या अंतरात जन्मलेली मुले असतात. बारावीत या अंतराला फारसा अर्थ उरत नाही. पहिलीत मात्र सहा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने एक वर्ष म्हणजे आजवरच्या आयुष्याचा सहावा हिस्सा. वर्गातल्या सर्वांत लहान मुलांचे गुण सर्वांत मोठ्या मुलांपेक्षा सरासरीने कमी असतात, हे अनेक देशांतल्या चौथीच्या मुलांच्या चाचण्यांवरून बेडार्ड आणि ड्यूई या संशोधकांनी २००६ साली दाखवले. वरच्या वर्गात हा फरक कमी होत जातो.

आपल्या खेड्यांत याला एक खास जोड आहे. मागच्या पिढ्यांत कितीतरी लोकांचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण तो गुरुजींनी लावलेला! ज्या मुलाचे खरे वय महिनोन् महिने कमी होते, तेही कागदावर इतरांच्या बरोबरीचे झाले आणि वर्गात मागे पडले तर मंद ठरले. आज जन्मनोंद व्यवस्थित होते. तेव्हा निकाल सांगण्याआधी हजेरीपटावरची जन्मतारीख एकदा पाहावी, हे शिक्षकांना सहज शक्य आहे.

रागावल्याने गुण वाढतात का?

"सहामाहीला कमी पडले, चांगला चोपला, वार्षिकला वाढले." हे वाक्य प्रत्येक शिक्षकाने ऐकलेले असते. "कौतुक केले की डोक्यावर बसतो, पुढच्या वेळी कमीच पडतात," हेही. दोन्ही अनुभव खरे असतात. निष्कर्ष मात्र चुकतो.

समजा, एका मुलाची तयारी ५० गुणांची आहे. प्रश्न कोणते आले, त्या दिवशी अंगात कसर होती का, कोणी तपासले, यांमुळे प्रत्यक्ष गुण कधी ४० पडतात, कधी ६०. ज्या वेळी ४० पडतात त्याच्या पुढच्या वेळी ते वाढण्याची शक्यताच जास्त, कारण नशीब दोनदा सारखेच वाईट क्वचित असते. त्याचप्रमाणे ६०च्या पुढच्या वेळी ते घटण्याची शक्यता जास्त. आता आपण ४०ला मारतो आणि ६०ला शाबासकी देतो. साहजिकच माराने गुण वाढले आणि शाबासकीने घटले, असे वाटते. मधल्या काळात दोन्ही वेळा आपण काहीच केले नसते, तरी बहुधा असेच घडले असते.

टोकाची मापे पुढच्या वेळी सरासरीकडे सरकतात, हे फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ साली आईवडील आणि मुले यांच्या उंचीच्या अभ्यासात मांडले. त्यातून होणारी फसगत काहनमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली इस्रायलमधल्या विमानचालकांच्या प्रशिक्षकांच्या उदाहरणाने दाखवली. रागावले की उड्डाण सुधारते, असे त्या प्रशिक्षकांनाही अनुभवाने पटलेले होते. मुलाला मारण्याचा 'गुण येतो' ही समजूत इतकी चिवट का, याचे एक कारण येथे सापडते.

सात चुका की एक?

मग कमी गुणांकडे दुर्लक्ष करावे काय? मुळीच नाही. तापमापीत १०२ दिसले तर आपण तापमापी फेकून देत नाही आणि मुलालाही मारत नाही; ताप कशाचा ते शोधतो.

वजाबाकीचे उदाहरण घेऊ. ५२ मधून ३८ वजा करताना मूल २६ लिहिते. पाचातून तीन गेले दोन. आठातून दोन गेले सहा. मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा, एवढेच त्याने धरले आहे. दहा गणितांपैकी सात हातच्याची असतील तर त्याला दहापैकी तीन गुण मिळतील. प्रगतिपुस्तक म्हणेल, सात चुका. खरे तर चूक एकच आहे, ती सात वेळा झाली आहे. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधून, एक गठ्ठा सोडून दाखवला, तर ती बहुधा काही दिवसांत दुरुस्त होईल. हे कळायला गुणांचा काहीच उपयोग नाही, उत्तरपत्रिका पाहावी लागते.

इस्रायलमधल्या रूथ बटलर यांनी पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेला १९८८ सालचा प्रयोग हेच सांगतो. काही मुलांना कामावर फक्त सूचना लिहून दिल्या, काहींना फक्त गुण, काहींना दोन्ही. फक्त सूचना मिळालेल्यांचे काम सुधारले आणि रसही टिकला. गुण आणि सूचना दोन्ही मिळालेल्यांना सूचनांचा फारसा फायदा झाला नाही. आकडा दिसला की त्याखालचे कोणी वाचत नाही.

आपल्याकडे हा विचार नवा नाही. काही वर्षे वऱ्हाडात अमरावतीला राहिलेल्या ताराबाई मोडक १९२३ साली भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात गेल्या. तेथे शिक्षाही नव्हती आणि बक्षीसही नव्हते. १९४५ साली त्यांनी बोर्डीत आणि पुढे अनुताई वाघ यांच्या साथीने कोसबाडला जे काम केले, त्यात मुलाकडे पाहण्याची हीच रीत आदिवासी पाड्यांपर्यंत नेली.

कायद्यानेही मधल्या काळात हा रस्ता धरला. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत नापास करणे थांबवले आणि २०१० पासून राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. गुणांच्या जागी श्रेणी आल्या. तरी "अ-१ म्हणजे किती टक्के?" हा प्रश्न काही थांबला नाही. २०१९ साली कायदा बदलला आणि २०२३ साली महाराष्ट्राने पाचवी व आठवीला पुन्हा परीक्षा आणली. फेरपरीक्षेतही अनुत्तीर्ण झालेल्या मुलाला आता त्याच वर्गात बसावे लागते. म्हणजे दुसरी-तिसरीत 'ढ' ठरवून सोडून दिलेल्या मुलाला पाचवीत त्याची किंमत मोजावी लागेल.

म्हणून निकालाच्या दिवशी पालकांशी बोलताना शिक्षकांनी तीन-चार गोष्टी जरूर कराव्यात. श्रेणी सांगण्याआधी मुलाला काय येते ते सांगावे. मग नेमके कोठे अडते ते उत्तरपत्रिका उघडून दाखवावे. फळ्यावरचे त्याला दिसते का, नीट ऐकू येते का, कापूस वेचणीच्या दिवसांत किती खाडे झाले, हे विचारावे. आणि घरी करता येईल असे एकच काम द्यावे. रोज दहा मिनिटे मोठ्याने वाचायला लावा, किंवा बाजारातून आणलेल्या सामानाचा हिशेब त्याला करू द्या. आपल्याकडे विदर्भात शाळा जूनअखेरीस उघडतात. एक हातचा समजायला तेवढे दिवस पुरेसे आहेत. पालकांनी मुलाला "किती पडले?" असे विचारण्याऐवजी "कोठे अडले?" असे विचारले, तर ते सांगायला मूल घाबरणार नाही, आणि सांगितले तरच मदत करता येईल.