राखणदाराचा अंगठा

स्कॉटलंडमधल्या जमीनदारांच्या शिकारीच्या रानांवर पगारी राखणदार असत, गेमकीपर. साहेबलोक बंदुका घेऊन यायचे ते ग्राउझ नि फेझंट या पक्ष्यांसाठी. सशांचा बंदोबस्त हे राखणदाराचं रोजचं काम. जखमी ससा हाती आला की त्याची मान अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात धरायची आणि एका झटक्यात मोडायची. काडतूस वाचतं, जनावराचे हालही वाचतात. ताण मात्र सगळा अंगठ्याच्या बुडाच्या सांध्यावर, तोही तर्जनीकडच्या बाजूला.

तिथे एक आखूड, चिवट लिगामेंट असतं. स्नायूसारखं ते आखडत नाही. अंगठा बाहेर फाकू द्यायचा नाही, एवढंच त्याचं काम. कुलपात किल्ली फिरवताना आपण अंगठा तर्जनीवर दाबतो तो त्याच्याच भरवशावर. वर्षानुवर्षं झटके बसले की ते लांबतं, सांधा हलायला लागतो आणि चिमटीतला जोर जातो.

सी. एस. कॅम्पबेल यांनी हे दुखणं 1955 मध्ये गेमकीपरच्याच नावाने वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. योगायोग असा, की 1953 मध्ये मिक्सोमॅटोसिस या सशांच्या रोगाची साथ केंटमध्ये शिरली होती आणि दोनेक वर्षांत ब्रिटनमधले बहुतेक ससे तिने संपवले. धंद्याचं दुखणं छापून आलं तेव्हा धंद्यात ससेच फारसे उरले नव्हते.

आता माझ्या दवाखान्यात येतात ते स्कूटरवरून पडलेले, नाहीतर झेल घेताना चेंडू अंगठ्यावर बसलेले. परदेशात स्कीइंगवाले. यांचं लिगामेंट एका क्षणात तुटतं. तपासताना मी सांधा थोडा वाकवतो, कारण सरळ अंगठ्याला तळव्याकडची जाड पट्टी सावरून धरते आणि सैलपणा लपतो. मग हलकेच बाहेर ढकलायचं आणि दुसऱ्या अंगठ्याशी ताडून बघायचं.

स्वीडनच्या बर्टिल स्टेनर यांनी 1962 मध्ये दाखवलं, की तुटलेलं टोक कधीकधी शेजारच्या स्नायूच्या चिवट पडद्याच्या वर येऊन बसतं. मधे पडदा आला की प्लास्टर कितीही दिवस ठेवा, टोकं जुळत नाहीत. शस्त्रक्रिया करावीच लागते.

राखणदाराच्या जातीचं, म्हणजे जुनं सैलावलेलं असेल तर नुसत्या टाक्यांनी सहसा भागत नाही. मग बऱ्याचदा मनगटातली पामॅरिस लाँगस या स्नायूची कंडरा काढून नवं लिगामेंट बांधतात. ती काहींना जन्मतःच नसते; म्हणून आधी अंगठा नि करंगळी जुळवून मनगट वाकवायला सांगायचं आणि ती वर उठते का ते बघायचं.